अक्षरांची नावे

वेरूळची लेणी मी आजवर किती वेळा पाहिली याची गणती मी केव्हाच सोडून दिली आहे. ज्याचे बालपण त्याच गावी गेले त्याला लेणी मुद्दाम पाहावी लागत नाहीत. शाळेची घंटा आणि विहिरीचा रहाट यांच्याप्रमाणे ती रोजच्या व्यवहारातच असतात. आमचे तीर्थरूप (त्यांना आम्ही नाना म्हणत असू) तेथे शाळामास्तर होते, आणि घरी पाहुणा आला की त्याला लेणी दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे येई. कैलासापुढे उभा राहिलेला पाहुणा माझे काही ऐकत नसे, हे मला लवकरच कळले. म्हणून माझा सगळा रुबाब मी अकराव्या लेण्यासाठी राखून ठेवीत असे. "या लेण्याचे नाव दो ताल. म्हणजे दोन मजली. आता मजले मोजा पाहू," असे मी म्हणे. पाहुणा मोजी, आणि मजले तीन भरत.

यातली गंमत अशी की, तळमजला पुष्कळ काळ मातीखाली गाडलेला होता. तो १८७६ साली मोकळा झाला. तोवर 'दो ताल' हे नाव लोकांच्या तोंडी बसून गेले होते, आणि शेजारच्या बाराव्या लेण्याला 'तीन ताल' म्हणण्याची वहिवाटही पडून गेली होती. तेव्हा आज तीन मजल्यांची दोन लेणी शेजारी शेजारी उभी असून त्यांतले एक दोन मजल्यांचे म्हणवून घेत आहे. पुढे बत्तिसाव्या लेण्यातही हाच प्रकार. ते जैनांचे, पण तिथल्या गजारूढ यक्षाला कोणी तरी इंद्र समजले, आणि लेण्याचे नाव 'इंद्रसभा' पडले ते पडलेच.

यंदाच्या दिवाळीत माझ्या मुलीला घेऊन मी पुन्हा त्या अकराव्या लेण्यापुढे उभा होतो. ती पुण्यास प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीवर आहे. माझी कथा तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की, मजले मोजण्याचे कष्टही ती घेत नाही. पण या खेपेस ती एकदम म्हणाली, "बाबा, हे अगदी आमच्या युनिकोडमधल्या नावांसारखं आहे. एकदा दिलं की चुकलं तरी बदलायचं नाही."

आदल्या रात्री आमच्या घरी जे घडले होते त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला लागला. नाही तर मी नुसती मान हलवून पुढे चाललो असतो. ती हकीकत सांगावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे.

नानांचे आरंभीचे शिक्षण निजामी अमदानीत झाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते, आणि तोवर त्यांच्या डोक्यात मराठीपेक्षा उर्दूच अधिक भरलेली होती. त्यामुळेच की काय, पुढे मराठी शब्दांचा त्यांना एक प्रकारचा लोभ जडला. वेरूळ आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ऐकलेले शब्द ते वहीत टिपून ठेवीत. अशा त्यांच्या दोन जाड वह्या आहेत. नाना गेल्यावर मी पहिली वही एका टंकलेखनाच्या दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतली. त्याला आता वीस वर्षे होत आली. दुसरी वही मात्र मी अलीकडे स्वतः उतरवली, आणि दोन्ही मिळून एक कोश करावा असे मनात घेतले.

या वयात मी मुलीकडून प्रोग्राम लिहावयास शिकलो, हे ऐकून माझे सहकारी हसतात. हसोत. पायथन नावाची जी संगणकभाषा आहे तिच्यात 'युनिकोडडेटा' म्हणून एक तयार कोश मिळतो. त्याला अक्षराचे नाव सांगावे, तो अक्षर काढून देतो. अक्षर दाखवावे, तो नाव सांगतो. कारण असे की, जगातल्या बहुतेक सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक आणि एक इंग्रजी नाव देऊन ठेवले आहे. हे काम करणारी संस्था १९९१ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. आपला ळ घ्या. त्याचा क्रमांक ०९३३, आणि त्याचे नाव 'देवनागरी लेटर एल्-एल्-ए'. इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेल्या मला ते प्रथम 'लल्ला' असेच वाचावेसे वाटले. या नावांत इंग्रजीची सव्वीस मोठी अक्षरे, आकडे, मोकळी जागा आणि जोडरेघ यांखेरीज काहीच चालत नाही. पंडित लोक अक्षराखाली टिंब देऊन ळ दाखवतात, ती सोय येथे नाही. म्हणून एल् दोनदा. त्याच न्यायाने ट म्हणजे टी-टी-ए, ण म्हणजे एन्-एन्-ए, आणि ज्या पोटफोड्या षने आम्हांला लहानपणी छड्या खावयास लावल्या तो एस्-एस्-ए. द्राविडी भाषांतला जो ऴ आहे त्याच्या वाट्याला तर तीन एल् आले आहेत.

आपल्या घरगुती नावांना तेथे थारा नाही. काना, मात्रा, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी यांपैकी कोणतेही नाव त्या कोशाला कळत नाही. अक्षराचा पाय मोडतो त्या चिन्हासाठी मी एकदा 'हलंत' असे लिहून पाहिले. यंत्राने 'असे नाव नाही' म्हणून मला परत पाठवले. त्याचे प्रमाण नाव 'विराम'. नाव शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही, पण पूर्णविरामावर वाढलेल्या मराठी माणसाला ते चटकन सुचणे कठीण.

इतका खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. प्रोग्रामात सरळ अक्षरच लिहावे, नाव कशाला? मीही मुलीला हेच विचारले होते. ती म्हणाली, "बाबा, डोळ्यांवर विसंबू नका." आणि तिचे म्हणणे रास्त आहे. वेरुळातच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्याला कोणी घृष्णेश्वर लिहितो, कोणी धृष्णेश्वर. घ आणि ध यांत फरक तो केवढा? लहान ठशात तो दिसतही नाही. परंतु एकाचे नाव जी-एच्-ए आणि दुसऱ्याचे डी-एच्-ए; नावात गल्लत होत नाही. ॲ या अक्षराचा प्रकार तर याहून बिकट. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोपर्यंत लोक अ काढून त्यावर अर्धचंद्र ठेवीत, आणि पुष्कळ जण अजून तसेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती वेगळी. एक शोधू गेले तर दुसरे सापडत नाही.

हे सगळे ऐकूनही मी चुकायचा तो चुकलोच.

दर्या आणि दऱ्या या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पण दोहोंतला अर्धा र निरनिराळ्या तऱ्हेने लिहितात. एकात तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात य च्या पुढे आडव्या बारीक रेघेसारखा येतो. संस्कृत वैयाकरणांनी क ला ककार, ग ला गकार म्हटले. र ला मात्र रकार न म्हणता रेफ असे वेगळेच नाव दिले. आपला रफार त्या रेफाच्याच वंशातला असावा. परंतु दऱ्यांतल्या त्या आडव्या र ला नाव काय? शाळेत ते कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. इंग्रज लोक त्याला डोळ्याची पापणी म्हणतात. युनिकोडमध्ये तो मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे ऱ या अक्षराचा पाय मोडणे. आणि त्या अक्षराचे नाव 'देवनागरी लेटर आर्-आर्-ए'.

हा आडवा र आपल्या मराठीचा खास अलंकार आहे अशी माझी समजूत. म्हणून नानांच्या संग्रहातून त्याचे सारे शब्द वेचून काढावेत असे मला वाटले. मी प्रोग्राम लिहिला, त्यात 'आर्-आर्-ए' हे नाव घातले, आणि यंत्राने मला शब्दांची यादी काढून दिली. यादी लहान होती. तीत बऱ्हाणपूर होते, वऱ्हाडी होते, आणखी काही किरकोळ होते. पण शेतीभातीतला शब्द म्हणाल तर जवळजवळ नव्हता. पऱ्हाटी नाही, गोऱ्हा नाही, गुऱ्हाळ नाही. कापसाच्या मुलखात राहून नानांनी पऱ्हाटी टिपू नये याचे मला नवल वाटले. नवल वाटले तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे. पण मी एका मासिकासाठी नानांच्या वह्यांवर लेख लिहीत होतो, आणि लेखकाला आलेले नवल वाया दवडण्याची सवय नसते. मी लिहिले की, नानांचा कान मोठा तिखट होता, परंतु तो शेवटी शाळामास्तराचा कान. शेताच्या बांधापाशी येऊन तो थांबला. हे वाक्य मला फार आवडले होते. मी ते दोनतीन मित्रांना वाचूनही दाखवले होते.

दिवाळीला आम्ही वेरुळास गेलो. आई तेथेच राहते. तिला आता पंच्याऐंशीवे वर्ष आहे आणि डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून मुलीने तिला माझा लेख वाचून दाखवला. मी पलीकडच्या खोलीत, स्तुती कानी पडेल अशा बेताने, वर्तमानपत्र धरून बसलो होतो. बांधापर्यंतचे वाक्य आले तेव्हा आई म्हणाली, "थांब गं. ते पुन्हा वाच."

मुलीने पुन्हा वाचले. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पऱ्हाटी, गोऱ्हा, हे तर मीच सांगितले होते त्यांना. जेवणं झाली की कंदील घेऊन बसायचे. माहेरी तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, असं विचारायचे. किती तरी दिवस चाललं होतं ते." आणि जराशाने, "त्यांनी लिहून नसतील ठेवले, तर नसतील."

या शेवटच्या वाक्यात रागाचा अंशही नव्हता. रागावली असती तर मला अधिक बरे वाटले असते. माझ्या आजोळी पिढ्यान् पिढ्या शेती. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मास्तरांच्या वहीत आपले शब्द आहेत, ही तिच्या मनातली एक शिल्लक होती, आणि मी ती एका छापील ओळीने पुसून टाकली होती.

ट्रंकेतून वह्या काढल्या. पहिल्या वहीच्या दहाबारा पानांतच पऱ्हाटी सापडली. शाई विटकरी झाली आहे, पण अक्षर स्वच्छ. पुढे गोऱ्हा, गुऱ्हाळ, चऱ्हाट, कुऱ्हाड. आणि प्रत्येक शब्दासमोर समासात एक बारीक खूण. कोणाकडून शब्द मिळाला ते नाना तेथे टिपून ठेवीत: कोठे 'पाटील', कोठे 'गुरव', कोठे नुसते आद्याक्षर. या शब्दांसमोर होते 'सौ.' दुकानात वही देताना 'समासातले काही घेऊ नका, नुसते शब्द घ्या' असे मीच सांगितले होते.

परंतु शब्द उतरवले गेले होते की नव्हते? मुलीने संगणक उघडला. नजरेने चाळत गेलो तर गोऱ्हा हा शब्द पडद्यावर समोर दिसत होता! जो शब्द डोळ्यांना दिसतो तो यंत्राला का दिसू नये? तिने मग त्या शब्दातल्या एकेका अक्षराला त्याचे नाव विचारले. यंत्राने ओळीने उत्तरे दिली: ग, ओ ची खूण, र, विराम, 'झीरो विड्थ जॉइनर', ह, आ ची खूण. माझ्या दुसऱ्या वहीतला असाच एक शब्द घेतला, तेथे र, विराम आणि जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि विराम असे दोघेच होते. वीस वर्षांपूर्वीच्या त्या दुकानात आडवा र उमटवण्याची दुसरी, जुनी रीत चालत होती, आणि तीही युनिकोडला मान्यच आहे. साध्या र चा पाय मोडावा व पुढे हा जॉइनर ठेवावा म्हणजे रफार न होता आडवा र होतो. त्या जॉइनराचे नाव मराठीत सांगावयाचे तर 'शून्य रुंदीचा जोडणारा'. तो कागदावर उमटत नाही, पडद्यावर जागा अडवत नाही. त्याला पाहण्याचा मार्गच नाही. नाव विचारले तरच तो आहे असे कळते. मी ज्या नावाने हाक मारली होती त्या नावाचे अक्षर पहिल्या वहीत मुळी नव्हतेच, म्हणून कोणी ओ दिली नाही. आणि कोणी ओ देत नाही, तेव्हा घरात कोणी नाही, असे मी छापून मोकळा झालो.

या तडाख्यात आणखीही एक गोष्ट उघडकीस आली. नाना जुन्या वळणाने 'नांव', 'कांहीं', 'गांव' असे लिहीत. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. नानांनी दिली नाही. तेव्हा 'गाव' म्हणून शोध घेणाऱ्याला त्यांच्या वहीत एकही गाव सापडायचे नाही. पण तो निराळा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेण्यांवर गेलो ते काहीशा अशा मनःस्थितीत. माझ्या मुलीने ते वाक्य उच्चारले, आणि मग पायऱ्यांवर बसून तिने मला युनिकोडमधल्या चुकांच्या कथा सांगितल्या. उभ्या ओळींच्या लेखनासाठी असलेल्या एका कंसाच्या नावात 'ब्रॅकेट' या शब्दातले सी आणि के उलटसुलट पडले. ही चूक २००५ सालची, आणि ती तशीच आहे. दुरुस्त का करीत नाहीत? तर जगभरच्या प्रोग्रामांतून लोक ते नाव लिहून बसले असतील. बदलले की त्यांची हाक वाया जाईल. चुकीच्या नावाने का होईना, हाकेला ओ मिळाली पाहिजे. १९९६ पासून युनिकोडचा हा दंडक आहे. फार झाले तर चुकलेल्या अक्षराला एक अधिकृत उपनाम देतात, तेही मूळ नावाला हात न लावता.

यातली एक कथा वेरुळाच्या पायरीवर बसून ऐकण्याजोगी होती. ज्या राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाने आठव्या शतकात कैलास कोरवला, त्यांचे लेख संस्कृतात आहेत तसे कन्नडातही आहेत. जुन्या कन्नडात तमिळातल्यासारखे एक ऴ होते. पुढे ते व्यवहारातून गेले. युनिकोडमध्ये त्या अक्षराला जागा देताना कोणाचा काय समज झाला कोण जाणे, त्याचे नाव पडले 'कन्नड लेटर एफ्-ए'. ऴ ला फ म्हटले! चूक लक्षात आल्यावर तीन एल्‌चे उपनाम दिले गेले. आता तुम्ही पायथनमध्ये खऱ्या नावाने हाक मारलीत तरी ते अक्षर येते. पण आलेल्या अक्षराला 'तुझे नाव काय' म्हणून विचाराल, तर ते अजूनही 'फ' असेच सांगते. मुलीने हे मला तेथेच, लॅपटॉप मांडीवर घेऊन, करून दाखवले. आमच्या पुढून जाणारा एक वाटाड्या एका कुटुंबाला 'दो ताल' म्हणून सांगत होता, आणि त्यातला एक मुलगा बोटाने मजले मोजीत होता.

घरी आल्यावर प्रोग्राम सुधारला. त्यात आता दोन्ही नावे घातली आहेत: 'आर्-आर्-ए' हे एक, आणि र, विराम, जॉइनर ही तिघांची ओळ दुसरी. नवी यादी जुनीच्या कित्येक पट झाली. समासातल्या खुणाही एकेक करून मी स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. हे काम यंत्राला किंवा दुसऱ्या कोणाला सांगण्याचा धीर झाला नाही. मासिकाकडे दुरुस्ती पाठवली. ती पुढल्या अंकात येईल, पण ज्या अंकात बांधाचे वाक्य आहे तो ग्रंथालयांतून बांधला जाऊन तसाच राहणार.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीने आईला ती यादी वाचून दाखवली. शब्द, आणि त्यापुढची खूण. "पऱ्हाटी, सौ. गोऱ्हा, सौ. गुऱ्हाळ, सौ." आई डोळे मिटून ऐकत होती. मधूनच एखाद्या शब्दाला ती मान हलवी, एखादा स्वतःशी पुन्हा म्हणे. चऱ्हाटापाशी आल्यावर तिने डोळे उघडले.

"चऱ्हाट माझं नव्हे," ती म्हणाली. "आम्ही माहेरी दोर म्हणायचो. ते तुझ्या आत्यानं सांगितलं होतं. यांनी चुकून माझ्या नावावर घातलं."

"मग बदलू का, आजी?" मुलीने विचारले.

"वहीत यांनी लिहिलंय ते राहू दे," आई म्हणाली. "खाली लिही, आत्याचं म्हणून."